पाय जमिनीला लागू द्या: पॉमेरेनियनच्या तीन पिल्लांचे पहिले महिने

लहान चणीच्या कुत्र्याचं पिल्लू समोर आलं की माणसाचे हात आपोआप पुढे होतात. तळहातावर मावणारा जीव, त्याला खाली ठेवायला कुणाचं मन होत नाही. आमची पॉमेरेनियन मैना व्याली आणि तीन पिल्लं घरात वाढू लागली, तेव्हा माझी सगळ्यात जास्त धडपड कशासाठी झाली असेल तर ती यासाठी, की पिल्लांचे पाय जमिनीला लागावेत. त्यांची हाडं नाजूक असतात, त्यांना जपावंच लागतं. पण शरीर जपायच्या नादात मनाची वाढ अडली, तर पुढे दाराची बेल वाजली की थरथरत भुंकणारं आणि परका हात दिसला की चावणारं कुत्रं तयार होतं. 'छोटी कुत्री तापटच असतात' म्हणून लोक ते सोडून देतात. मला तसं कुत्रं दिसलं की पोटात तुटतं, कारण त्यातली बहुतेक तापट नसतात, भेदरलेली असतात.

ऑस्ट्रियात कुत्र्यांच्या मालकांची पाहणी करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लहान कुत्र्यांचे मालक त्यांना शिकवायला कमी वेळ देतात, आज एक आणि उद्या दुसरं असं वागतात, आणि ही कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त भित्री आणि चिडकी असतात, असं त्यात दिसलं. हे वाचलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तीन किलोचं कुत्रं चावलं तरी फारसं लागत नाही, म्हणून त्याला शिकवायचं राहून जातं. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत असं कुणी करत नाही.

तिघांत भोप्या सगळ्यात दणकट, जन्मतः १४० ग्रॅमचा. चिंगी त्याच्या खालोखाल. आणि कणी फक्त ८८ ग्रॅम.

पहिले दोन आठवडे शिकवण्याचे नसतात, तगवण्याचे असतात. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला दिसत नाही, ऐकू येत नाही, कुडकुडून स्वतःला ऊब आणणंही त्याला जमत नाही. शी-शूसुद्धा आईने पोटाखाली चाटल्याशिवाय होत नाही. पिल्लू जितकं लहान तितकं ते लवकर गार पडतं, म्हणून पेटीच्या एका बाजूला शेकायची पॅड ठेवली आणि दुसरी बाजू मुद्दाम तशीच सोडली, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. थर्मामीटर पेटीच्या तळाशी, पिल्लांच्या उंचीवर ठेवला. पहिल्या आठवड्यात तिथे साधारण २९ ते ३२ अंश सेल्सियस लागतात, पुढे हळूहळू कमी करत न्यायचे. आकडा बघायच्या आधीच पिल्लं सांगतात म्हणा. एकमेकांवर चढून ढीग करून झोपली तर थंडी वाजते आहे, चार कोपऱ्यांत पसरली तर उकडतं आहे, आणि शेजारी शेजारी सैल पडून झोपेत पाय झटकत असली तर सगळं ठीक आहे.

पिल्लू गार लागलं तर आधी ऊब द्यायची, दूध नंतर. हे मी पेटीवर कागद चिकटवून लिहून ठेवलं होतं, कारण घरात कुणीही उठून काळजीपोटी दूध पाजायला जाईल ही भीती होती. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच पडून राहतं आणि कधी उलटून श्वासनलिकेत जातं.

कणीच्या वजनावर माझा सगळा जीव लागला होता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी, वाटीत रुमाल, आणि सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी तिघांचं वजन. निरोगी पिल्लाचं वजन साधारण आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. भोप्या आणि चिंगी सरळ रेषेत चढत होते, कणीचा आकडा मात्र एक ग्रॅम पुढे, एक ग्रॅम मागे. ती लुचायला लागली की भोप्या डोक्याने तिला बाजूला सारायचा. मग मी शेजारी बसून तिला मागच्या सडांशी लावायची, तिथे दूध जास्त असतं, आणि भोप्याला हाताने अडवून धरायची. वरचं दूध द्यावं लागलं ते कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं. गायीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं कुत्रीच्या दुधापेक्षा बरीच कमी असतात आणि दुग्धशर्करा जास्त, त्याने पोट बिघडतं. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. कणीने एकदा धड चढायला सुरुवात केल्यावर मागे पाहिलं नाही, पण तोवर माझी झोप कुत्रीच्या झोपेसारखी झाली होती.

लहान जातींत मैनेकडेही लक्ष ठेवावं लागतं. दूध भरात असताना, विशेषतः बाळंतपणानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं. कुत्री अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरतं. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा. मैनेला हे झालं नाही, पण लक्षणं घरात सगळ्यांना पाठ होती.

तिसऱ्या ते सोळाव्या दिवसापर्यंत करायचा एक लहानसा व्यायाम आहे. अमेरिकी लष्कराच्या श्वान-कार्यक्रमातून आलेली ही पद्धत कार्मेन बटाग्लिया यांनी कुत्रेपालकांत रुजवली. पायाच्या बोटांमधे कापसाच्या काडीने हलकं गुदगुल्यासारखं करायचं, पिल्लाला डोकं वर करून उभं धरायचं, मग डोकं खाली करून, मग उताणं, आणि शेवटी गार ओलसर टॉवेलवर ठेवायचं. प्रत्येक गोष्ट तीन ते पाच सेकंद, दिवसातून एकदाच. या व्यायामाचे फायदे सांगणारे खूप आहेत, पण नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मी भोप्या-चिंगीला तो दिला, कणीला वजन सावरेपर्यंत दिला नाही. माझं मत विचाराल तर त्या पाच कसरतींपेक्षा रोज थोडा वेळ माणसाच्या हाताचा शांत स्पर्श होणं जास्त मोलाचं आहे. जास्त केलं म्हणजे जास्त फायदा, असंही इथे नसतं. इतक्या लहान जिवाला ताण मापातच द्यावा लागतो.

डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, कान त्यानंतर. चिंगीचे डोळे सगळ्यात आधी किलकिले झाले. आतल्या कोपऱ्यात आधी बारीकशी फट, मग निळसर-राखाडी, धुरकट नजर. कान उघडल्याचं कळलं ते मात्र एकदमच. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडलं आणि आदल्या दिवसापर्यंत अशा आवाजाने जागचीही न हलणारी तिघं एकाच वेळी दचकली. त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं.

याचं कारण सांगायला हवं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं, ते १९६५ साली ग्रंथरूपात आलं. पिल्लाचं मन जगाशी नातं जोडायला सगळ्यात मोकळं असतं ते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, ही मांडणी त्यांची. त्याआधी १९६१ साली तिथल्याच एका प्रयोगाचा निबंध फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी छापला होता. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी दूर पळत राहिली. हा प्रयोग आठवला की मला त्या पिल्लांचं वाईट वाटतं, पण त्यांनी दिलेलं ज्ञान वाया घालवणं त्याहून वाईट. ही दारं फार थोडे आठवडे उघडी असतात. आणि त्यातले पहिले पाच-सहा आठवडे पिल्लू त्याच्या नव्या घरी नसतंच, ते आईपाशी असतं. म्हणजे निम्मं काम ज्याच्या घरी वेत झालं त्याच्या हातात असतं.

चौथ्या आठवड्यात पेटी मोडली आणि दिवाणखान्याचा एक भाग जाळीने वेगळा केला. झोपायची जागा एका टोकाला, शी-शूची दुसऱ्या टोकाला. पाय फुटले की पिल्लू आपणहून झोपण्याच्या जागेपासून लांब जाऊन करतं. त्या वयात ज्या पृष्ठभागाची सवय लागेल तीच पुढे टिकते, म्हणून लांबच्या टोकाला एका ट्रेमधे गवताचा तुकडा ठेवला, बाजूला वर्तमानपत्र. गवताकडे पहिली वळली ती चिंगी. मग दोघं तिच्या मागोमाग.

उरलेल्या जागेत जमीन रोज बदलायची. कधी गोणपाट, कधी काथ्याचं पायपुसणं, कधी थंडगार फरशीचा तुकडा, कधी पायाखाली फटफट वाजणारं फुग्यांचं प्लॅस्टिक. एका उथळ ट्रेमधे रिकाम्या बाटल्या, दुसऱ्यात चुरगाळलेले कागद. चढायला जाड पुस्तक, कारण एवढंसं पिल्लू असेल तर पुस्तकाची उंची त्याला खरंच पायरीएवढी असते. लहान जातीच्या पिल्लासाठी सगळंच त्याच्या मापाचं हवं. कागदांच्या ट्रेशी भोप्याने काय केलं ते मी जवळ बसून पाहिलं. आधी नाक लावलं. कागद खरखरला, तो मागे बसला. मग पुढचा एक पाय आत टाकला, तसाच थांबला, मैनेकडे पाहिलं. ती निवांत पडलेली. दुसरा पाय आत. मग एकदम सगळं अंगच आत टाकून दिलं आणि कागदांत लोळायला लागला. मी त्याला हात लावला नाही, बोलावलंही नाही. त्याला उचलून ट्रेमधे ठेवलं असतं तर कागद कसे असतात एवढंच त्याला कळलं असतं. नवी गोष्ट आपण आपल्या पायांनी पार करू शकतो, हे कळलं नसतं. कडेवर घेऊन दाखवलेलं आणि स्वतः चालत जाऊन पाहिलेलं, यातला फरक मला त्या दुपारी नीट दिसला.

फरशी गुळगुळीत असेल तर मात्र त्यावर पिल्लांना धावू द्यायचं नाही. लहान जातींत मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष बराच आढळतो, पाय फाकून घसरल्याने त्यावर ताण येतो. मी सगळीकडे रबरी चटया टाकल्या होत्या.

आता माणसं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन अटी घातल्या: हात धुवायचे, आणि जमिनीवर बसायचं. उभ्या माणसाने वाकून उचललेलं पिल्लू हवेत जातं तेव्हा त्याला दिसतो फक्त वरून येणारा भला मोठा हात, आणि लहान कुत्र्यांच्या आयुष्यात हा हात रोज कित्येकदा येतो. तो हात धोक्याचा वाटू लागला की उचलायला जाताच चावणारं कुत्रं होतं. म्हणून उचलण्याआधी पिल्लाला सांगायची सवय मी सगळ्यांना लावली. बाजूने हात न्यायचा, छातीला स्पर्श करायचा, 'वर' म्हणायचं, एक क्षण थांबायचं, मग एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घेऊन उचलायचं. काही आठवड्यांत 'वर' म्हटलं की चिंगी स्वतःच अंगाचा भार हातावर टाकायला लागली.

खाली ठेवतानाही तितकीच काळजी. छोट्या पिल्लांच्या पुढच्या पायांची हाडं मोडतात ती बहुतेक वेळा हातांतून किंवा सोफ्यावरून उडी मारल्याने. ती हाडं काडीइतकी बारीक असतात. चारही पाय टेकेपर्यंत हात सोडायचा नाही, आणि मुलांनी तर उभ्याने उचलायचंच नाही. माझी भाची मांडी घालून बसायची, पिल्लू तिच्या मांडीत स्वतः चढायचं, हवं तेव्हा उतरून जायचं. तिला मी एक खेळ शिकवला होता. पिल्लाला दोन-तीन क्षण कुरवाळ, मग हात काढून घे आणि बघ. ते परत हाताशी आलं तर पुन्हा कुरवाळ. जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली किंवा निघून गेलं तर जाऊ दे. आठ-नऊ वर्षांची मुलगी हे इतकं पटकन शिकली, की आलेल्या मोठ्या माणसांना तीच सांगायची, "काका, ती नको म्हणतेय."

आणि गुरगुरणं. एवढंसं पिल्लू गुरगुरलं की सगळे हसतात, पुन्हा गुरगुरावं म्हणून त्याला डिवचतात. याचा मला संताप येतो. गुरगुरणं म्हणजे ते 'थांब' म्हणतं आहे. ते ऐकलं गेलं नाही तर पुढच्या वेळी ते सांगत बसणार नाही, सरळ चावेल. आणि गुरगुरलं म्हणून रागावलं, तरी तेच होणार. आमच्याकडे पिल्लू गुरगुरलं की जो काही करत असेल त्याने थांबायचं, आणि नंतर ती गोष्ट सोपी करून, खाऊ देत, पुन्हा हळू शिकवायची. नखं कापणं असंच शिकवलं. आधी नुसता पंजा धरला, मग कात्री दाखवली, मग एक नख, बस. रोज तोंडही उघडून पाहायचं, कान आणि शेपटीखालचा भागही. पॉमला आयुष्यभर विंचरावं लागतं, म्हणून मऊ ब्रश अंगावरून फिरवणं अगदी चौथ्या आठवड्यापासून.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात वारं बदलतं. तोवर नव्या गोष्टीकडे धावत जाणारं पिल्लू आता थबकायला लागतं. सगळ्या जातींत हे एकाच वयात होत नाही. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, यॉर्कशायर टेरियर आणि जर्मन शेफर्ड यांच्या पिल्लांची तुलना करणारा एक अभ्यास २०१५ साली आला, त्यात कॅव्हेलियरच्या पिल्लांत भीती बाकी दोघांपेक्षा उशिरा दिसली. म्हणजे कॅव्हेलियर आणि यॉर्कशायर या दोन्ही जाती लहान, तरी वेळापत्रक वेगळं. आणि माझ्या अनुभवात एकाच वेतातही वेगळं. भोप्या काही दिवस नुसता थबकला, कणी मात्र छत्री उघडताच पळाली आणि मैनेच्या मागे दडली.

अशा वेळी दोन चुकीच्या वाटा असतात. एक म्हणजे पिल्लाला ओढून छत्रीपाशी नेणं, दुसरी म्हणजे छत्री कपाटात टाकून विषय संपवणं. मी छत्री अर्धवट मिटून खोलीच्या पार त्या टोकाला ठेवली आणि खाऊ कणीच्या बाजूला टाकला. ती जिथे खाऊ शकते ते अंतर तिने ठरवायचं. पुढचे दिवस छत्री तशीच तिथे पडून. एके दिवशी बघते तर कणी छत्रीच्या सावलीत भोप्याची शेपटी ओढत होती. मग छत्री थोडी उघडी, मग पूर्ण उघडी, मग हातात धरलेली. पिल्लू दचकतं की नाही याकडे मी कधी पाहिलं नाही. दचकल्यावर किती वेळात सावरतं आणि स्वतःहून परत बघायला येतं का, एवढंच वहीत टिपायची. मिक्सर, कुकरची शिट्टी, ड्रिल, गडगडाट आणि फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, सगळं याच रीतीने. आवाज आधी इतका बारीक, की खाताना कान फक्त हलावेत, तोंड थांबू नये.

एकमेकांकडून पिल्लं जे शिकतात ते आपल्याला शिकवता येत नाही. दुधाचे दात सुईसारखे असतात, भोप्याने जोरात चावलं की कणी केकाटायची आणि खेळ तिथेच थांबवायची. त्याला खेळ हवा असायचा, मग पुढच्या वेळी दात हलके. मैनाही आता उठून जायची, कधी नुसत्या नजरेने, कधी 'हुफ्' करून पिल्लाला जागा दाखवायची. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणं मला पटत नाही, आणि पॉमसारख्या छोट्या जातीत तर दहा-बारा आठवडे थांबणं बरं. फक्त तोवर बाकीचं शिक्षण घरी चालू हवं, नुसतं वय मोजून उपयोग नाही.

थांबण्याचं आणखी एक कारण कणीने दाखवलं. एका सकाळी खेळून झाल्यावर ती डुलत चालायला लागली, मान पडल्यासारखी, हिरड्या फिक्या, हाक मारली तर नजर लागेना. लहान जातीच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. खाण्यात खंड पडला, थंडी लागली, दमछाक झाली, की रक्तातली साखर घसरते. घट्ट ग्लुकोजचं पाणी बोटाने तिच्या हिरड्यांना चोळलं. तोंडात ओतलं नाही, अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाला गिळता येत नाही. टॉवेलात गुंडाळून तडक डॉक्टरांकडे. वाटेतच तिने डोकं उचललं. डॉक्टरांनी तपासून साखर मोजली आणि त्या दिवसापासून तिला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, रात्री उशिराचं एक आणि पहाटेचं एक धरून. नव्या घरांना मी सगळ्यात आधी हे समजावलं, कारण घर बदलण्याच्या धसक्याने पिल्लू खाणं टाकतं आणि नेमकं तेव्हाच हे घडतं.

लसीकरणाच्या प्रश्नावर मला घरातल्यांशीही वाद घालावे लागले. सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लागणिक वेगळ्या वेळी ओसरते आणि ती असेपर्यंत लसीचा परिणाम अडवते, म्हणून डोस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा पुढे न्यावे लागतात. तोवर थांबलं तर मन घडण्याचा काळ निघून जातो. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ साली स्पष्ट म्हटलं, की पहिला डोस होऊन सात दिवस झाले आणि जंताचं औषध दिलेलं असलं, की सात-आठ आठवड्यांपासून पिल्लांचे वर्ग सुरू करता येतात. २०१३ सालच्या एका पाहणीत लस सुरू केलेली आणि वर्गाला जाणारी पिल्लं, न जाणाऱ्यांपेक्षा पार्व्होला, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या संसर्गाला, जास्त बळी पडल्याचं दिसलं नाही. जागा मात्र पारखून घ्यायच्या. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून जिथे अनोळखी कुत्री फिरतात त्या बागा, रस्ते, दवाखान्याची फरशी, इथे पाय टेकवायचे नाहीत. ओळखीच्या, लसीकरण झालेल्या कुत्र्यांची स्वच्छ घरं, गच्ची, अंगण इथे टेकवायचे. एवढ्या एका काळापुरता कडेवरचा प्रवास योग्यच. रस्त्याकाठी पिल्लू मांडीवर घेऊन बसावं, गाड्या, सायकली, काठी टेकत जाणारी माणसं, हेल्मेट घातलेली माणसं त्याला दिसू द्यावीत. रस्त्यावर ते खाऊ खातं का, यावरून त्याला ते झेपतं का हे कळतं. खाणं थांबलं की घरी.

मोठ्या कुत्र्यांची ओळख लहान जातीच्या पिल्लाला फार जपून आणि नक्की करून द्यायला हवी. ओळखीतली एक वयस्क, लसीकरण झालेली लॅब्रॅडॉर कुत्री आम्हाला मिळाली. तिच्या एका पंजाखाली कणी झाकली गेली असती. आधी मधे जाळी. लॅब जाळीपलीकडे आडवी पडून राहिली, तिचा तो स्वभावच. कणीने तिच्या मागच्या बाजूने फेरी मारली, वास घेतला, पळाली, परत आली. असं होता होता ती जाळीतून तिच्या नाकापर्यंत पोचली. पुढच्या भेटींत जाळी काढली, पण पट्टा मोठ्या कुत्रीला, धरलेला तिच्या मालकाने. मी जमिनीवर बसून होते, पाय थोडे उंच करून त्याखाली बोगदा केलेला. कणीला नको वाटलं की ती त्या बोगद्यात शिरायची. तिला उचलायची गरज पडली नाही. मोठं कुत्रं दिसताच मालकाने दरवेळी घाईघाईने उचललं, की छोट्या कुत्र्याला हेच कळतं की मोठं कुत्रं म्हणजे संकट. शिवाय उंचावर गेलेल्या छोट्या जिवाकडे मोठं कुत्रं उड्या मारायला लागतं. धावून येणारं मोकाट कुत्रं असेल तर उचलावंच, जिवाचा प्रश्न आहे. रोजच्या भेटींत पिल्लाला आडोसा द्यावा, आणि आत-बाहेर करायचं त्याच्यावर सोडावं.

दहाव्या आठवड्यापासून तिघांना वेगवेगळं एकटं राहायलाही शिकवलं. एकत्र वाढलेली पिल्लं एकमेकांच्या जिवावर धीट असतात, एकटी पडली की कोसळतात. एक खोलीत, चघळायला काहीतरी देऊन, बाकीचे बाहेर. रडू फुटायच्या आत परत. गळ्यात पट्टा न घालता छातीवरचा हार्नेस वापरला, कारण छोट्या जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा विकार असतो आणि गळ्यावरचा ओढा तिला सोसत नाही. चिंगीने हार्नेस पहिल्या दिवशी घातला आणि विसरून गेली, भोप्या त्यात पुतळा होऊन उभा. त्याला वेळ दिला.

बारा आठवडे झाल्यावर भोप्या आणि कणी आपापल्या घरी गेले. त्याआधी ती माणसं आमच्याकडे येऊन जमिनीवर बसून गेली होती, 'वर' हा शब्द शिकून गेली होती. सोबत दिलं ते मैनेच्या वासाचं फडकं, तेच खाणं काही दिवसांपुरतं, लसीचं आणि जंताच्या औषधांचं कार्ड, आणि माझी वही. कणीच्या वहीत डोक्यावरच्या टाळूची नोंदही होती. काही छोट्या पिल्लांची टाळू उशिरा भरते, चिवावासारख्या जातीत कधी भरतच नाही, म्हणून डोक्याला टपली मारणारा खेळ नको. कणीच्या नव्या घरातल्या आजोबांनी विचारलं, "हिला कडेवर घ्यायचंच नाही का?" मी म्हटलं, "घ्या ना आजोबा, खूप घ्या. फक्त तिला विचारून घ्या, आणि ती उतरते म्हणाली की खाली ठेवा." त्यांनी दर आठवड्याला फोन करून हकिकत सांगितली. दुसऱ्या आठवड्यात कणी त्यांच्या काठीला घाबरली, तर त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या टोकाशी खाऊ ठेवायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी वही वाचून स्वतः केलं.

चिंगी आमच्याकडेच राहिली. छोट्या जातींत दुधाचे सुळे पडायच्या आत पक्के येतात आणि दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात, त्यात अन्न अडकतं, पक्के दात वाकडे होतात. चौथ्या महिन्यापासून मी रोज तिचा ओठ वर करून पाहत होते. वरचे दोन्ही सुळे राहिलेच. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तपासायला टेबलावर घेतलं, मी हात लावून 'वर' म्हटलं होतं. तिने परक्या माणसाला तोंड उघडू दिलं, दोन्ही बाजू पाहू दिल्या, आणि दात काढायची तारीख ठरवून आम्ही घरी आलो.